छत्तीस अक्षरांचा माणूस : शम्सुद्दीन सामी फ्राशेरी

जून महिना आला की शाळेच्या कचेरीत पालकांची ये-जा सुरू होते आणि दरवर्षी कुणी ना कुणी तोच प्रश्न विचारतो : पोराला उर्दूत घालू की मराठीत? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो. मराठीत घातले तर पोर दीनापासून लांब जाणार नाही ना? उलट बाजूनेही अनुभव येतो. आम्ही घरात, बाजारात, वर्गात मराठी बोलतो, तरी प्रवासात शेजारी बसलेला माणूस नाव ऐकताच म्हणतो, "अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता!" म्हणजे मुसलमानाची भाषा कोणती, हे बोलणाऱ्याने ठरवायचे नसते, ते आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेले असते.

आम्ही दोन्ही भाषा शिकवतो आणि दोन्हींवर आमचे प्रेम आहे. म्हणूनच आज वाचकांना एका अशा माणसाची ओळख करून द्यावीशी वाटते, ज्याने दीडशे वर्षांपूर्वी हाच पेच आयुष्यभर सोसला. त्याचे नाव शम्सुद्दीन सामी. तुर्क त्याला ह्या नावाने ओळखतात, तर त्याचे देशबांधव सामी फ्राशेरी म्हणतात. जन्माने तो आल्बेनियन मुसलमान. तुर्की भाषेला तिचा एक मोठा शब्दकोश त्याने दिला आणि आपल्या मातृभाषेला अक्षरे मिळवून देण्यातही तोच पुढे होता. आल्बेनियन राष्ट्रवादाच्या पहिल्या फळीतल्या लोकांत त्याची गणना होते.

आल्बेनिया हा युरोपात, ग्रीसच्या वरच्या अंगाला समुद्रकाठी वसलेला छोटा डोंगराळ मुलूख. उस्मानी सल्तनतीचा अंमल तिथे चारशे वर्षांहून अधिक काळ होता आणि बहुसंख्य लोक इस्लाम स्वीकारलेले होते. दक्षिणेकडच्या डोंगरात फ्राशर नावाचे गाव आहे. तिथे 1 जून 1850 रोजी खालिद बे आणि अमीना ह्या दांपत्याच्या पोटी सामींचा जन्म झाला. भावंडे आठ. गावात बक्ताशी सिलसिल्याचा तकिया होता आणि घरावर त्या दरवेशांच्या शिकवणुकीचा दाट संस्कार होता. सामी नऊ वर्षांचे असताना वालिद गेले, अकराव्या वर्षी आईही गेली. थोरला भाऊ अब्दुल तेव्हा विशीच्या आसपास. घराची सगळी जबाबदारी त्याच्या अंगावर पडली. 1865 च्या सुमारास तो धाकट्यांना घेऊन यानिना शहरात आला. तुर्क ह्या शहराला यान्या म्हणतात. आज ते ग्रीसमध्ये आहे.

अब्दुलने तिथे घेतलेला एक निर्णय आम्हाला फार मोलाचा वाटतो. त्याने नईम आणि सामी ह्या धाकट्या भावांना झोसिमाया नावाच्या ग्रीक शाळेत घातले. शाळा ख्रिस्ती समाजाची होती, पण त्या भागातले सर्वांत चांगले शिक्षण तिथेच मिळे. जुनी आणि नवी ग्रीक, फ्रेंच, इटालियन ह्या भाषा मुले तिथे शिकली. अरबी, फारसी आणि तुर्कीचे धडे त्यांनी मुस्लिम उस्तादांकडे स्वतंत्रपणे घेतले. अनाथ मुलांच्या भावाने इल्म कुठे मिळते एवढेच पाहिले, भिंतीवरची पाटी पाहिली नाही. 1871 साली सामी शाळेतून बाहेर पडले, तेव्हा विशीतल्या ह्या तरुणाला इतक्या भाषा येत होत्या की एखाद्या परराष्ट्र खात्यालाही पुरल्या असत्या. फक्त एक भाषा त्यांना कोणत्याच शाळेने लिहायला शिकवली नव्हती. ती म्हणजे आईची भाषा, आल्बेनियन.

ह्याचे कारण समजून घ्यायला हवे, कारण पुढची सगळी कहाणी त्यावरच उभी आहे. उस्मानी राज्यात प्रजेची मोजदाद भाषेवरून होत नसे, धर्मावरून होई. प्रत्येक धर्मसमाज म्हणजे एक 'मिल्लत'. आल्बेनियन मुसलमान हा मुसलमानांच्या मिल्लतीतला, म्हणून त्याच्या मुलाने तुर्की शाळेत जावे. आल्बेनियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती हा ग्रीक धर्मगुरूंच्या हाताखालचा, म्हणून त्याच्या मुलाने ग्रीक शाळेत जावे. उत्तरेकडच्या कॅथलिकांसाठी इटालियन आणि ऑस्ट्रियन पाद्र्यांच्या शाळा होत्या. तिघांच्या घरात चुलीपाशी बोलली जाणारी भाषा एकच होती, पण तिच्यासाठी शाळा नव्हती आणि सर्वांची अशी लिपीही नव्हती. मुसलमान शायर अरबी अक्षरांत आल्बेनियन लिहीत, दक्षिणेचे ख्रिस्ती ग्रीक अक्षरांत, उत्तरेचे कॅथलिक लॅटिन अक्षरांत. म्हणजे तोंडाने एकमेकांशी बोलणारे दोन शेजारी एकमेकांची चिठ्ठी वाचू शकत नव्हते!

1872 साली सामी इस्तंबूलला आले आणि सरकारच्या वृत्तपत्र खात्यात कारकुनी करू लागले. त्याच वर्षी त्यांची 'तअश्शुक-ए-तलअत व फितनत' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तुर्की भाषेतल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. पुष्कळ जण तिला पहिलीच मानतात. गोष्ट आपल्या घराघरांत आजही वाचावी अशी आहे. फितनत ही सावत्र बापाच्या घरात कोंडून ठेवलेली मुलगी. तलअत तिच्यावर प्रेम करतो आणि तिला भेटायला बाईचा वेश घेऊन त्या घरात जातो. सावत्र बाप मुलीला न विचारता तिचा निकाह एका वयस्क श्रीमंताशी लावून देतो. ती जीव देते, आणि तिच्या गळ्यातल्या तावीजमुळे त्या माणसाला कळते की ही तर आपलीच मुलगी! तलअतही मरतो आणि तो दुर्दैवी बाप वेडा होतो. आजच्या वाचकाला ही रचना भडक वाटेल, आम्हालाही वाटली. पण मुलीच्या रजामंदीशिवाय लावलेल्या निकाहात कुणाकुणाची माती होते, हे बावीस वर्षांचा तरुण 1872 मध्ये सांगत होता, हे विसरून चालणार नाही. पुढे 1879 साली त्यांनी 'कादिन्लार', म्हणजे 'स्त्रिया', नावाची छोटी पुस्तिका लिहिली आणि बायकांच्या तालीमची बाजू घेतली.

दोन वर्षांनी, 1874 साली, इस्तंबूलच्या रंगमंचावर त्यांचे नाटक आले : 'बेसा, याहुत अहदे वफा'. उर्दू जाणणाऱ्या वाचकांना ह्या नावाचा दुसरा भाग समजावून सांगायला नको. पहिला शब्द मात्र खास आल्बेनियन आहे. बेसा म्हणजे दिलेला शब्द, कौल. घरात आलेल्या पाहुण्याला, शरण आलेल्या माणसाला, अगदी वैऱ्यालाही एकदा बेसा दिला की जीव गेला तरी तो मोडायचा नाही, ही त्या डोंगरातल्या लोकांची रीत, मग ते मुसलमान असोत की ख्रिस्ती. नाटकातला बाप शब्द पाळण्यासाठी पोटच्या पोराला मारतो. प्रस्तावनेला शोभेल असे त्याचे धोरण होते : आपल्या लोकांच्या चालीरीती तुर्की प्रेक्षकांना दाखवायच्या. म्हणजे तुर्की भाषेतून सामी आपल्या माणसांची ओळख जगाला करून देत होते. तुर्कीचा त्यांनी कधी दुस्वास केला नाही. त्यानंतर काही महिने त्यांना उत्तर आफ्रिकेतल्या तराबलुसला, आजच्या त्रिपोलीला, तिथल्या सरकारी वर्तमानपत्राच्या कामावर जावे लागले. परत आल्यावर 1876 पासून ते 'सबाह' ह्या दैनिकाचे संपादन करू लागले.

एवढ्यावर हा माणूस एक यशस्वी तुर्की लेखक म्हणून राहिला असता. पण 1877 मध्ये रशियाने उस्मानी सल्तनतीवर चढाई केली आणि तुर्की फौजा हरल्या. मार्च 1878 मध्ये सान स्टेफानो इथे तह झाला. त्यात आल्बेनियन वस्तीचे मुलूख शेजारच्या ख्रिस्ती राज्यांना तोडून देण्याचे ठरले. मग जून महिन्यात युरोपच्या बड्या राज्यांची परिषद बर्लिनला भरली. तिथे नकाशावर रेघा मारताना आल्बेनियन नावाचे काही लोक आहेत ही गोष्टच कुणी धरली नाही. मुसलमान आल्बेनियन हे तुर्क समजले गेले, ऑर्थोडॉक्स आल्बेनियन हे ग्रीक. मिल्लतीचा हिशेब असा अंगावर आला. ज्यांची भाषा मोजलीच नव्हती त्यांची जमीनही मोजण्याची गरज कुणाला वाटली नाही.

ह्या वेळी थोरला भाऊ अब्दुल पुढे आला. 1877 च्या उस्मानी संसदेत तो यानिनाचा प्रतिनिधी होता. इस्तंबूलमध्ये आल्बेनियन हक्कांच्या रक्षणासाठी एक समिती तयार झाली. तिच्यात मुसलमान अब्दुल आणि सामी होते, कॅथलिक वासा पाशा होते, ऑर्थोडॉक्स यानी व्रेतो होते. 10 जून 1878 रोजी प्रिझरेन शहरात आल्बेनियन मुखत्यारांची मोठी सभा भरली. हीच इतिहासातली प्रिझरेनची लीग. आरंभी तिच्यात सुलतानाशी निष्ठा सांगणारे जमीनदार आणि आलिमच जास्त होते, आणि सरकारलाही ती सोयीची होती, कारण जमीन देऊ नका असे सरकारऐवजी लोकच ओरडत होते. अब्दुलने तिला हळूहळू दुसऱ्या वाटेवर नेले. आल्बेनियन वस्तीचे प्रांत एकत्र करून एकच विलायत करावी, कारभार आणि शाळा आपल्या भाषेत असाव्यात, ही मागणी आली. तो रोम, पॅरिस, व्हिएन्ना असा युरोपभर अर्ज घेऊन फिरला. मग सरकारचा सूर बदलला. 1881 च्या वसंतात दरवेश पाशाच्या फौजेने लीग मोडून काढली. अब्दुल पकडला गेला. त्याला मौतीची सजा झाली, पुढे ती जन्मठेपेत बदलली. काही वर्षांनी सुटका झाली तेव्हा शरीर खचलेले होते. 1892 मध्ये इस्तंबूलमध्ये त्याचा इंतकाल झाला.

अब्दुल तलवारीच्या आणि अर्जाच्या वाटेने गेला. सामींनी दुसरे हत्यार उचलले : मुळाक्षरे.

1879 साली इस्तंबूलमध्ये आल्बेनियन पुस्तके छापण्यासाठी एक संस्था निघाली. सामी तिचे अध्यक्ष. सदस्यांत तिन्ही मजहबांचे लोक होते. पहिला वाद अर्थातच लिपीचा. होजा तहसीन हे मोठे आलिम, इस्तंबूलच्या विद्यापीठाचे पहिले प्रमुख. त्यांनी स्वतःच तयार केलेली नवी चिन्हे पुढे ठेवली. कुणाला अरबी अक्षरे हवी होती, कुणाला ग्रीक. शेवटी सामींची योजना मान्य झाली. लॅटिन अक्षरांचा पाया, जिथे आवाज उरतो तिथे काही ग्रीक आणि काही नवी अक्षरे, आणि नियम एकच : एका आवाजाला एकच अक्षर. एकूण अक्षरे छत्तीस. त्याच वर्षी ह्या अक्षरांचे पहिले पुस्तक छापून निघाले.

अरबी अक्षरे का नकोत? वाचकांपैकी कुणी नाराज होण्याआधी आमचा वर्गातला अनुभव सांगतो. उर्दू लिपीत 'बाळ' लिहून पाहा. 'ळ' साठी अक्षर नाही. लाम लिहावा लागतो आणि मूल 'बाल' वाचते. 'कमळ'चे 'कमल' होते, 'काळा'चा 'काला' होतो. दोष लिपीचा नाही, ती दुसऱ्या भाषांच्या गळ्यासाठी बेतलेली आहे. आल्बेनियन भाषेत स्वर पुष्कळ आहेत, दोन तऱ्हेचे 'ल' आणि दोन तऱ्हेचे 'र' आहेत आणि त्यांनी अर्थ बदलतो. अरबी अक्षरांत हे सगळे मावत नव्हते. त्यात दुसरेही कारण होतेच. मुसलमानांची लिपी घेतली तर ख्रिस्ती आल्बेनियन बाहेर राहणार, ग्रीक घेतली तर मुसलमान आणि कॅथलिक बाहेर. सगळ्यांना थोडी परकी वाटेल आणि कुणालाच पूर्ण परकी वाटणार नाही अशी वाट त्यांना हवी होती. अरबीची त्यांना अढी असती तर त्यांनी इस्लामच्या प्रसारावर अरबीत पुस्तक लिहिले नसते आणि 'मदनियत-ए-इस्लामिया' नावाने इस्लामी संस्कृतीची महती सांगणारी पुस्तिकाही लिहिली नसती.

अक्षरे झाली, आता शाळा हवी. 1884 मध्ये इस्तंबूलहून 'द्रिता', म्हणजे 'प्रकाश', नावाचे आल्बेनियन नियतकालिक निघाले. त्यामागेही सामींचाच हात होता. मग 1886 साली त्यांनी मुलांसाठी 'अबेतारे' म्हणजे अंकलिपी लिहिली आणि त्याच वर्षी व्याकरण. दोन वर्षांनी भूगोल. भूगोलाला त्यांनी नाव दिले 'धेश्क्रोन्य', म्हणजे जमिनीचे लेखन. परक्या शब्दांची आयात न करता घरचे दोन शब्द जोडून नवा शब्द करायचा, ही शिक्षकाची दृष्टी आहे. भाषा नुसती जपून भागत नाही, तिच्यात गणित आणि भूगोल शिकवता आला पाहिजे हे त्यांनी ओळखले होते. ही पुस्तके इस्तंबूलला छापणे अवघड झाल्यावर बुखारेस्टला छापली जात आणि व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांतून डोंगरात पोचत.

7 मार्च 1887 रोजी कोर्चा शहरात आल्बेनियन भाषेची पहिली परवानाधारक शाळा उघडली. परवाना मिळवण्यासाठी सामी आणि नईम ह्यांनी इस्तंबूलमध्ये खटपट केली होती. नईम तेव्हा सरकारी शिक्षण खात्यात होते. शाळेचे पहिले मुख्याध्यापक पांदेली सोतिरी हे ख्रिस्ती. पण बाकांवर मुसलमान आणि ख्रिस्ती मुले शेजारी शेजारी बसली. 1891 मध्ये सेवास्ती किरियाझी ह्या शिक्षिकेने त्याच शहरात मुलींची शाळा काढली. मग दोन्ही बाजूंनी मार सुरू झाला. मुसलमान मुलांनी ह्या शाळेत जाऊ नये म्हणून सरकारने पालकांना दटावले. ग्रीक धर्मगुरूंनी ख्रिस्ती पालकांना बहिष्काराची भीती घातली. 1902 साली शाळा बंद झाली. आल्बेनियन पुस्तक घरात सापडणे हाही गुन्हा ठरू लागला. पापा क्रिस्तो नेगोवानी नावाच्या पाद्र्याने चर्चमधली प्रार्थना आल्बेनियनमध्ये म्हटली म्हणून 1905 मध्ये त्याचा खून झाला. म्हणजे आपल्या भाषेत अल्लाहचे नाव घेऊ देण्याला विरोध फक्त आपल्याच लोकांचा असतो असे नाही.

आता दुसरे सामी पाहा. ह्याच वर्षांत ते सुलतान अब्दुल हमीद ह्यांच्या लष्करी तपासणी आयोगाचे चिटणीस होते. दिवसा सरकारी काम आणि उरलेल्या वेळात एकट्याने असे ग्रंथ, की ज्यांना आज मोठमोठ्या संस्था लागतील. 1882 पासून फ्रेंच-तुर्की आणि मग तुर्की-फ्रेंच कोश. 1889 पासून दहाएक वर्षे 'कामूस-उल-आलाम' हा इतिहास-भूगोलाचा ज्ञानकोश. सहा खंड, साडेचार हजारांहून अधिक पाने. मधल्या काळात व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'चा आणि 'रॉबिन्सन क्रूसो'चा तुर्की अनुवाद. आणि शेवटी, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, 'कामूस-ए-तुर्की'. कामूस हा शब्द उर्दू वाचकांच्या ओळखीचा. ह्या कोशाच्या नावातच त्यांची भूमिका आहे. दरबारी लोक आपल्या भाषेला 'उस्मानी' म्हणत; तिच्यात अरबी-फारसीची इतकी झूल असे की अनातोलियाच्या शेतकऱ्याला ती कळत नसे. सामी म्हणाले, ह्या भाषेचे नाव तुर्की आहे आणि ती साध्या तुर्क माणसाची आहे. तुर्कांना त्यांच्या भाषेचे खरे नाव सांगणारा हा माणूस आल्बेनियन होता!

कुणी म्हणेल, हे दोन दगडांवर पाय ठेवणे झाले. सुलतानाचा पगार घ्यायचा आणि सुलतानाने मना केलेल्या भाषेची पुस्तके लिहायची. आम्हीही ह्यावर बराच विचार केला. आम्हाला वाटते, त्यांच्या लेखी दगड दोन नव्हतेच. मातृभाषेवर ज्याचे खरे प्रेम असते त्याला शेजाऱ्याच्या मातृभाषेची किंमत कळते. ज्या हाताने छत्तीस अक्षरे बसवली त्याच हाताने तुर्की शब्द वेचले, ह्यात आम्हाला ढोंग दिसत नाही. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही हेही सांगायला हवे.

1899 मध्ये बुखारेस्टहून एक आल्बेनियन पुस्तक लेखकाच्या नावाशिवाय बाहेर पडले. आल्बेनिया काय होता, काय आहे आणि पुढे काय होईल, हा त्याचा विषय आणि हेच त्याचे नाव. आल्बेनियन राष्ट्रवादाचा हा जणू जाहीरनामा ठरला. आपला कारभार आपण करावा, आपल्या भाषेत शाळा असाव्यात, मुसलमान-ख्रिस्ती भेद मागे ठेवून एक व्हावे, हे त्यात मांडले आहे. पण उस्मानी राज्यकर्त्यांबद्दलची भाषा कडवट आहे. हे राज्य बुडणार आणि आपण वेळीच सावरलो नाही तर शेजारी आपल्याला वाटून घेणार, असा त्याचा रोख आहे. पुस्तक सामींचेच असे आल्बेनियन आणि बहुतेक अभ्यासक मानतात. काही तुर्की लेखकांना मात्र हे पटत नाही. कामूस-ए-तुर्कीचा लेखक असे लिहूच शकत नाही, असे ते म्हणतात. आम्हाला ह्या नकारातही प्रेमच दिसते. पण वीस वर्षे एका भाषेसाठी परवाने मागून दमलेला, भावाची कैद पाहिलेला माणूस शेवटी कडवट होऊ शकतो, ह्यात न पटण्यासारखे काय आहे?

शेवटची वर्षे इस्तंबूलच्या एरेनकोय भागातल्या घरात गेली. घरावर सरकारी पाळत होती आणि बाहेर फिरण्यावर बंदी. नईम 1900 मध्ये गेले. त्यांनी करबलावर आल्बेनियन भाषेत दीर्घ काव्य लिहिले होते. आज ते आल्बेनियाचे राष्ट्रकवी मानले जातात आणि त्यांची छबी तिथल्या नोटेवर आहे. सामी घरात बसून तुर्की भाषेच्या सर्वांत जुन्या शिलालेखांवर काम करीत राहिले. 18 जून 1904 रोजी चोपन्नाव्या वर्षी त्यांचा इंतकाल झाला. मागे एक मुलगा होता अली सामी, अठरा वर्षांचा. पुढच्याच वर्षी ह्या मुलाने शाळेतल्या दोस्तांना घेऊन फुटबॉलचा एक संघ काढला. तोच आजचा तुर्कस्तानचा नामांकित गलातासराय क्लब. फुटबॉल पाहणाऱ्या घरांतल्या पोरांना हे जरूर सांगावे.

सामींच्या पश्चात चार वर्षांनी, नोव्हेंबर 1908 मध्ये, मोनास्तिर शहरात लिपीचा निकाल लावायला आल्बेनियन प्रतिनिधी जमले. सभेचे अध्यक्ष अब्दुलचे चिरंजीव मिदहत, तर लिपी समितीचे प्रमुख कॅथलिक पाद्री ग्येर्ग फिश्ता. सामींची लिपी ठेवायची आणि तिच्या जोडीला छापायला सोपी अशी शुद्ध लॅटिन लिपीही ठेवायची, असे ठरले. हळूहळू दुसरीच टिकली. तिच्यातही अक्षरे छत्तीसच आहेत. पण लगेच वादळ उठले. अरबी अक्षरे सोडणे म्हणजे दीन सोडणे, असा प्रचार करण्यात आला, सभा झाल्या, सरकारनेही अरबी लिपीची बाजू उचलली. त्यावर 1910 मध्ये कोर्चात लिपीच्या बाजूने हजारोंची सभा झाली. हाफिज अली कोर्चा यांच्यासारखे आलिम आल्बेनियन भाषेच्या बाजूने उभे राहिले. ज्यांच्या सीन्यात कुरआन होते त्यांना आपल्या भाषेच्या अक्षरांचे भय वाटले नाही. दोन वर्षांनी, 28 नोव्हेंबर 1912 रोजी, व्लोरा शहरात आल्बेनियाचे स्वातंत्र्य जाहीर झाले.

आणि अठरा वर्षांत काळाने गंमत केली. ज्या तुर्कस्तानच्या सरकारने आल्बेनियनांना लॅटिन अक्षरांवरून छळले, त्याच तुर्कस्तानने 1928 साली स्वतःच अरबी लिपी सोडून लॅटिन घेतली. सामींचा कामूस-ए-तुर्की जुन्या अक्षरांत आहे. त्यामुळे तुर्की मुलाला तो आता सरळ वाचता येत नाही. आमच्यासारख्या उर्दूवाल्याला त्यातली अक्षरे लागतात, पण भाषा कळत नाही.

ह्या वारशाची दुसरी बाजू दडवणे बरे नाही. धर्माच्या आधी राष्ट्र, ही त्या पिढीची हाक फूट मिटवण्यासाठी होती. पुढे हुकूमशहा एन्व्हर होजाने ती आपल्या सोयीने वाकवली. 1967 मध्ये त्याने मशिदी, चर्च, तकिये सगळे बंद केले आणि आल्बेनिया नास्तिक देश असल्याचे जाहीर केले. ज्यांच्या घराण्याने करबलाचे काव्य लिहिले, त्यांच्याच पुस्तकांचे दाखले देत अजान थांबवली गेली. मशिदी पुन्हा उघडायला 1990 उजाडावे लागले. ह्याचे खापर सामींवर फोडणे आम्हाला मान्य नाही. पण भाषेचे प्रेम असो की मुलखाचे, सत्तेच्या हाती गेले की त्याचे काय होते, हे ह्या कहाणीत स्पष्ट दिसते आणि ते वगळून सामींची तारीफ करणे अर्धवट ठरेल.

कोर्चाच्या त्या शाळेचे आता संग्रहालय झाले आहे आणि 7 मार्च हा दिवस आल्बेनियात शिक्षक दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी मुले शिक्षकांना फुले देतात. अब्दुल आणि नईम ह्यांचे अवशेष तिराना शहरातल्या बागेत एकमेकांशेजारी आणून ठेवले आहेत. सामींसाठीही तिथे जागा मिळावी, ही आल्बेनियन लोकांची जुनी इच्छा आहे. पण तुर्क त्यांना आपला मानतात आणि आल्बेनियन आपला. तिसरा भाऊ अजून इस्तंबूलमध्येच, फेरिकोयच्या कब्रस्तानात आहे.